तांबी, टाका आणि टार्गेट

आरोग्य खात्यात नर्सबाईच्या हाती सगळ्यात आधी पडते ती पात्र जोडप्यांची वही. घर क्रमांक, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, वय, जिवंत मुलगे, जिवंत मुली, शेवटच्या लेकराचं वय आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: ‘पद्धत’. १९८५ साली धानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी रुजू झाले, तेव्हापासून २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत मी तो रकाना भरत आले. नसबंदी, टीएल (म्हणजे बाईचं ऑपरेशन), तांबी, माला गोळ्या, निरोध, यांतला एक शब्द तिथे लिहायचा. तो शब्द कुठे ठरायचा, हे या जंगलातल्या कुटुंब नियोजनाच्या इतिहासाचं मर्म आहे असं मला वाटतं. नवरा-बायकोने चुलीपाशी बसून तो ठरवला, अशी घरं मला फार थोडी भेटली. बहुतेक वेळा तो तालुक्याच्या आढावा बैठकीत, वरून आलेल्या टार्गेटप्रमाणे आधीच ठरलेला असायचा.

आमचा मुलूख आधी सांगते. आज चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत वैनगंगेच्या दोन्ही काठांचा हा पट्टा एकच जिल्हा होता आणि १९६४ पर्यंत त्याचं नाव चांदा होतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे धानाच्या बांध्या आणि तलावांची झाडीपट्टी. जिवतीच्या डोंगरात कोलाम. एटापल्ली-भामरागडकडे माडिया. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, आणि आतल्या गावांना जायला डोंग्याशिवाय उपाय नसायचा. ज्या गावाला चार महिने वाट नाही, तिथे दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट पोचवायचं कसं, हा प्रश्न वर बसून पद्धती ठरवणाऱ्यांना पडलेला मी कधी पाहिला नाही.

सरकारी साधनं येण्याआधी इथल्या बायका दोन लेकरांत अंतर ठेवतच नव्हत्या, असं कुणी समजू नये. लेकरू अडीच-तीन वर्षांचं होईस्तोवर अंगावर पाजायची चाल होती, आणि अंगावर पिणारं लेकरू आहे तोवर दिवस जात नाहीत हे प्रत्येक सासूला ठाऊक होतं. त्यात तथ्य आहे. मूल सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, रात्रीही पाजणं चालू आणि पाळी परत आलेली नाही, एवढं जमून आलं तर दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास. घोटाळा व्हायचा तो पुढे. लेकराला पेज-भात सुरू झाला की दुधाचं हे राखण सुटतं, आणि पाळी दिसायच्या आधीच बाई पुन्हा गरोदर राहू शकते. मग पुजाऱ्याकडची मुळी, वैदूचं औषध. त्यातलं काही गुणाचं होतं, काही जीवघेणं. नको असलेला गर्भ पाडायला काहीबाही घेऊन रक्तात न्हालेल्या बायका बैलगाडीतून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, १९७२ पासून लागू. आमच्या गावांपर्यंत तो पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली.

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार मात्र लवकर सुरू झाला होता, आणि त्याचा मला अभिमान आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत सल्ला केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. कर्व्यांची प्राध्यापकी गेली, १९२७ पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’पायी खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा प्रस्ताव मुंबई विधानसभेत आला तोही बाबासाहेबांच्या पक्षाकडून, त्यांच्या गैरहजेरीत पी. जे. रोहम यांनी मांडलेला. तो मोठ्या फरकाने पडला. आमच्या अगदी शेजारची गोष्ट म्हणजे डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्यात आल्या होत्या. साधनांनी गर्भ रोखणं गांधीजींना मान्य नव्हतं, संयम हाच मार्ग असं ते म्हणत राहिले. सँगरबाई बायकांची बाजू मांडत राहिल्या. ती मोठी माणसं होती आणि वाद मनापासूनचा होता. पण दिवसभर बांधीत राबून, रात्री दारू प्यायलेल्या नवऱ्यापुढे संयमाचा शब्द काढण्याची सोय जिला नव्हती, ती बाई त्या खोलीत नव्हती. या बाबतीत माझं मत सँगरबाईंच्या बाजूने आहे, आणि ते पुस्तकं वाचून झालेलं नाही.

१९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा आपला देश जगात पहिला. १९६५ मध्ये लूप आला, प्लॅस्टिकची वळणदार तार. त्याचा गाजावाजा झाला आणि तितक्याच वेगाने त्याचं नाव खराब झालं, कारण बसवणाऱ्यांनी बसवला आणि नंतर रक्तस्राव, पोटदुखी घेऊन बाई आली तेव्हा पाहायला कुणी नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा लूप जाऊन तांबी येऊनही बरीच वर्षं झाली होती. तरी म्हाताऱ्या बाया तांबीलाही ‘लूप’च म्हणायच्या आणि सुनेला बजावायच्या. १९६८ मध्ये निरोध आला, पाच पैशाला एक. लाल त्रिकोण शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगला. निरोधची पाकिटं उपकेंद्रात खोक्याने यायची, पण बाईने ती हातात घेऊन गावातून घरी जायचं कसं? सगळं गाव बघतं. आणि नवऱ्याशी या विषयावर बोलायला त्या काळी पुरुष कर्मचारी फारसे जात नसत. एका तरुण बाईने मला सांगितलं होतं, ‘‘बाई, तुमी माह्या हातात देऊ नका. थे लसीच्या कार्डात घालून द्या.’’ तेव्हापासून मी निरोध लेकराच्या लसीकरणाच्या कार्डाला गुंडाळून देऊ लागले.

आता आणीबाणी. मी तेव्हा पंधरा वर्षांची, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९७६ च्या त्या महिन्यांत मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायला सांगितलं होतं. केस नाही तर पगार नाही. वडील संध्याकाळी एखाद्याच्या घरी गेले की घरातला पुरुष मागच्या दाराने धुऱ्यावरून रानात पळायचा. ज्या माणसाला सगळं गाव नमस्कार करायचं, त्याच्या येण्याने दारं लागायला लागली. वडिलांनी शेवटी आपल्या सख्ख्या भावाला तयार केलं. काकाला दोनच मुली होत्या आणि त्याला मुलगा हवा होता. त्याने भावाचा पगार सुटावा म्हणून ऑपरेशन करून घेतलं. या गोष्टीवर आमच्या घरात पुढे कधीही बोलणं झालं नाही.

देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांतले ६२ लाखांच्या आसपास पुरुष होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी नसबंद्यांचा देशाचा आकडा साडेनऊ लाखांवर आला, आणि त्यात पुरुष दोन लाखही नव्हते. सरकार पडलं होतं, पुरुषांचा राग मतपेटीत दिसला होता. मग खात्याने तोंड वळवलं ते बायकांकडे. बाई रागावून सरकार पाडत नाही, असा हिशोब कुणी कागदावर मांडला नसेल. मी नोकरीत आले तेव्हा मात्र तो हिशोब पक्का झालेला होता. वहीतल्या ‘पद्धत’ या रकान्यात टीएलच्या ओळीच्या ओळी होत्या.

या ऑपरेशनांची शिबिरं बहुधा हिवाळ्यात. धान कापून, चुरणी होऊन बायका मोकळ्या झालेल्या असत, आणि मार्चअखेर जवळ आलेली असे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात मंडप, वऱ्हांड्यात गाद्या अंथरलेल्या. बाया पहाटेपासून उपाशी. दुर्बिणीचे सर्जन जिल्ह्याहून यायचे, कधी बाराला, कधी चारला. ते आले की ओळ भराभर पुढे सरकायची. ऑपरेशन झालेली बाई दोघींनी उचलून गादीवर निजवायची, कुशीवर. तिचं अंगावरचं लेकरू तिची आई किंवा सासू मंडपाबाहेर घेऊन फिरायची. लेकरू भुकेने रडायचं आणि आत आई गुंगीत कण्हायची. टाक्याच्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीचं सोपं, हे खरं. पोटाला छोटंसं छिद्र, नळ्यांना रबरी कडी, बाई त्याच दिवशी घरी. पण सोपं कुणासाठी, हेही विचारायला हवं. जीपमधून खडखडत गावी जाऊन दुसऱ्या दिवशी तीच बाई डोक्यावर हंडा घेऊन बोडीवरून येताना मी पाहिली आहे.

दुसरं लेकरू सहा महिन्यांचं असलेली एक बाई अशाच शिबिरानंतर टाका दाखवायला आली. बावीस-तेवीस वर्षांची. मी विचारलं, आता बरं वाटतं ना? ती म्हणाली, ‘‘मले दोन-तीन वर्सं थांबाचं होतं बाई. कायमचं नाई. पन तुमच्यापाशी थेच होतं.’’ त्या महिन्यात आमच्याकडे तांबीची पेटी आलीच नव्हती आणि माला-एन संपली होती. टार्गेट मात्र वेळेवर आलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्या लोकांना खरी वाटत नाही. आणीबाणीनंतर देशभर पुरुष नसबंदी जवळजवळ बंद पडली, पण आमच्या गडचिरोलीकडे पुरुष येत राहिले. राज्याच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा इथे पुरुष नसबंदी जास्त झाली, हे खात्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याची कारणं मी डोळ्यांनी पाहिली. रोवणीला बाई लागते. कंबरेत वाकून दिवसभर चिखलात रोप लावणं हे इथे बाईचं काम. ती महिनाभर खाटेवर पडली तर वर्षाचा धान गेला. मोहाची फुलं पहाटे वेचायची, तेंदूची पानं मे महिन्याच्या उन्हात तोडायची, तिथेही ती हवीच. पुरुषाचं ऑपरेशन मात्र आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही करता येई, दुर्बिणीची वाट पाहावी लागत नसे. मोबदल्याची रक्कमही होती, आणि गरिबाच्या घरात ती मोजली जाई. तिच्यापायीच आलेलेही अनेक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याशिवायही काही होतं. कुरखेड्याकडचा एक गडी स्वतःहून येऊन म्हणाला, ‘‘तिनं चार बाळंतपनं काढली नर्सबाई, एक त मरता मरता. आता मी जातो.’’ पुण्या-नागपूरच्या शिकलेल्या घरांत हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

त्या पुरुषांना नीट माहिती दिली गेली असती तर आणखी आले असते. ताकद जाते, नांगर धरवत नाही, ही भीती मोठी. खरं तर त्या ऑपरेशनात फक्त वीर्यातले शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बांधतात; पुरुषाचं बळ, दाढी-मिशा, इच्छा हे सगळं ज्या रसाने येतं तो थेट रक्तात मिसळतो, त्या नळीशी त्याचा संबंध नाही. आणि दुसरी गोष्ट तर हमखास सांगायची राहून जायची. ऑपरेशननंतर तीन महिने नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तोवर निरोध वापरायचा, मग तपासणी करायची. एका केंद्रावर हे न सांगताच माणसांना घरी पाठवलं गेलं. त्यातल्या एकाची बायको दोन महिन्यांनी गरोदर राहिली. त्याने तिला काठीने मारलं, माहेरी हाकललं, पंचायत बसवली. मी त्या पंचायतीत जाऊन तीन महिन्यांची गोष्ट समजावून सांगितली. पंचांनी ऐकून घेतली. बाई नांदायला गेली, पण तिच्या कपाळावरची खूण राहिली. एक वाक्य सांगायचं राहिलं की एवढं होतं.

तांबी इथे का चालली नाही, याचं उत्तर खात्याकडे तयार होतं: बायका अडाणी, अफवांवर विश्वास ठेवतात. हे उत्तर खोटं ठरलं ते आमच्याच जिल्ह्यात. चांद्याच्याच लेक असलेल्या डॉ. राणी बंग आणि त्यांचे पती डॉ. अभय बंग यांनी १९८५ च्या अखेरीस ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, गावातल्या साऱ्याच बायकांना तपासायचं ठरवलं. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर. त्यात जवळपास निम्मा वाटा जंतुसंसर्गाचा. आणि याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

हे वाचलं तेव्हा माझ्या गावातल्या बायकांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून जायला लागले. पांढरं जातं, अंगावरून जातं, कंबर धरते, असं मला ज्या सांगायच्या त्या सगळ्या. संसर्ग असलेल्या बाईला तांबी बसवली तर दुखणं वाढण्याचा धोका असतो. म्हणूनच आधी तपासायचं, औषध द्यायचं, बरं झाल्यावरच बसवायची, असा नियम आहे. तो न पाळता बसवली, बाईचं पोट दुखलं, आणि तिच्या नणंदेने ते पाहिलं. ‘‘मले तांबी नाई लावाची. वयनीले लावली त तिची कंबरच धरली.’’ यात अडाणीपणा कुठे आहे? तिने घरातलं उदाहरण डोळ्यांनी पाहून निर्णय घेतला होता. त्या अभ्यासात असंही दिसलं की साधनं वापरणाऱ्या बायकांत या आजारांचं प्रमाण जास्त होतं. पण साधनांमुळे झालेला भाग थोडाच, बाकी सगळं दुखणं आधीपासूनचं आणि दुर्लक्षाचं. म्हणजे तांबीला दोष देऊनही भागत नाही. सरकारला बाईच्या पोटातलं मूल दिसत होतं, पोटातलं दुखणं दिसत नव्हतं. राणीताईंनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात इथल्या बायकांच्या बोलण्यातून हे सगळं मांडलं. नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला ते वाचायला द्यावं असं मी म्हणेन.

आणि मुलं जास्त का होऊ द्यायची? जिवंत राहण्याची खात्री नव्हती म्हणून. १९८८ साली ‘सर्च’च्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. वहीत ‘जिवंत मुलगे, जिवंत मुली’ असे रकाने होते. गेलेल्या लेकरांसाठी रकाना नव्हता. पण बाई ‘किती लेकरं?’ म्हटलं की गेलेल्यांसकट मोजायची, आणि मग थांबायची. अशा बाईला दोनवर थांबा म्हणणं मला जमत नसे. पुढे गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवून बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बंग पती-पत्नींनी १९९५ पासून राबवली, आणि काही वर्षांत त्या गावांतला बालमृत्युदर तिसाच्या आसपास उतरला. लेकरं जगायला लागल्यावर बाया आपणहून विचारू लागल्या, ‘‘नर्सबाई, आता थांबाले का करावं?’’ ज्या प्रश्नासाठी वर्षानुवर्षं जीपगाड्या फिरल्या, तो प्रश्न बाईच्या तोंडून असा निघाला.

माडिया गावांत आणखी एक गोष्ट होती, जिचा विचार कुठल्याच माहितीपत्रकात मला सापडला नाही. तिथे पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते, घराबाहेरच्या लहानशा झोपडीत. पाऊस असो, थंडी असो. आता तांबीने पहिले काही महिने पाळी जास्त जाते, लांबते. सरकारी योजनेत २०१७ पासून आलेल्या अंतरा इंजेक्शनने सुरुवातीला मधूनमधून रक्त दिसत राहतं. शहरातल्या बाईला ही किरकोळ कटकट. भामरागडच्या बाईला याचा अर्थ दहा-बारा दिवस झोपडीत, ओल्या जमिनीवर, लेकराला आजीपाशी ठेवून. रक्त दिसतं आहे म्हणून कुर्म्यात बसलेल्या एका तरुण आईकडे मी दुभाषी मुलीला घेऊन गेले होते. तिने माडियात एवढंच विचारलं, हे कधी थांबेल? मी म्हटलं, बहुतेकींचं दोन-तीन सुया झाल्यावर थांबतं, नंतर पाळी जवळजवळ येतच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. तिने हिशोब केला आणि पुढची सुई घेतली. दुसऱ्या एकीने तोच हिशोब करून नको म्हटलं आणि छाया गोळी घेतली. दोघींचाही निर्णय बरोबर होता, कारण कुर्मा कुणाला किती जड जातो हे त्यांनाच माहीत.

इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. तिकडच्या अबुझमाडातले लोक आमच्या माडियांचेच भाऊबंद. तिकडे उलटी तऱ्हा होती. तो भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या सरकारने १९७९ मध्ये बैगा, अबुझमाडिया अशा ‘आदिम’ ठरवलेल्या जमातींच्या नसबंदीवर बंदी घातली. त्यांची संख्या घटू नये म्हणून. हेतू चांगला असेल, पण पाच-सहा बाळंतपणं होऊन थकलेली बाई स्वतः ऑपरेशन मागायला गेली तरी तिला परत पाठवत. वैनगंगेच्या काठी बाईला ओढून नेत होते, इंद्रावतीपलीकडे हाकलून देत होते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. तिथल्या आणि लगतच्या शिबिरांतल्या १३ बायका दगावल्या. त्यांत एक बैगा बाईही होती. बंदी असतानाही. बैगा बायकांनी २०१७ मध्ये न्यायालयाचं दार ठोठावलं, आणि २०१८ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने त्यांचा निवडीचा हक्क मान्य केला. मूल होऊ द्यायचं की नाही हे सांगायला त्या जंगलातल्या बायकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

कागदावर बरंच सुधारलं. एप्रिल १९९६ मध्ये टार्गेट रद्द झालं. नाव बदलून ते ‘अपेक्षित काम’ म्हणून कुठे कुठे मागल्या दाराने आलं, पण नर्सबाईच्या डोक्यावरची तलवार उतरली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. पुरुषांसाठी बिनटाक्याची पद्धत आली.

निवृत्त झाल्यावरही मुली माझ्याकडे येतात, म्हणतात, मावशी, सगळ्यात चांगली पद्धत कोणती? मी आधी त्यांनाच विचारते. पुन्हा मूल हवं का, आणि कधी? लेकरू अंगावर पितं का? पांढरं जातं का, बीपी आहे का, रोज गोळी लक्षात राहील का? ती सासूपासून लपवायची आहे का? नवरा बाहेरगावी असतो का? नवीन लग्न झालेलीला निरोध किंवा गोळी. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या औषधाच्या आणि ७ लोहाच्या, रोज एक, चुकवायची नाही. मात्र लेकरू सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर असेल तर ती नाही. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ती संप्रेरकांची नाही, लखनौच्या आपल्याच प्रयोगशाळेतली. अंतरा तीन महिन्यांतून एकदा, पण ती सोडल्यावर दिवस राहायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा लवकर मूल हवं असेल तर नको. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते, हवी तेव्हा काढता येते, आणि तपासणी नीट झाली असेल तर मी तिच्या बाजूची आहे. मूल आणखी नकोच असेल, तर मी एकच प्रश्न जास्त विचारते: नवऱ्याशी बोललीस का?

कारण आकडा माझ्या मनातून जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचा आकडा ०.३ टक्के. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोटाला छेद, पुरुषाचं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, टाकासुद्धा नाही, काही दिवस जड काम नाही, तीन महिने निरोध आणि मग तपासणी. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. कुरखेड्याच्या आणि धानोऱ्याच्या शेतकऱ्यांनी ते तीस-चाळीस वर्षांपूर्वी करून घेतलं आणि नंतर जन्मभर नांगर धरला. हे वाचणाऱ्या पुरुषांना माझं सांगणं आहे, घरात दोन लेकरं झाली असतील आणि बायकोच्या ऑपरेशनची तारीख बघणं चाललं असेल, तर त्या आधी एकदा तुम्ही स्वतः जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करून या.